कुंचीतलं ल्युटेशियम

४ मार्च
शहराच्या टोकाची हूटगळ्ळी! भावाच्या मित्राचं रिकामं घर, त्यात मी एकटी. काल इस्पितळात शिरेतून ल्युटेशियम-१७७ दिलं, आतड्यातल्या गाठीसाठी. आता पंधरा दिवस लहान मुलांपासून लांब. आणि माझ्या भावाची, किरणची मुलगी चार दिवसांची! बारसं बारा तारखेला. बाळाच्या कानात नाव सांगणारी आत्या मी — आणि मीच कोंडलेली.

५ मार्च
इस्पितळात किरणोत्सर्ग मोजणाऱ्या स्पंदनाला फोनवर पिडलं. अणुभट्टीत बनवतात म्हणे हे, आणि साडेसहा दिवसांत निम्मं होतं. म्हटलं, म्हणजे तेरा दिवसांत सगळं गेलं! ती हसली. उरलेल्याचं निम्मं, मग त्याचं निम्मं. चिंधी घेऊन घड्या घातल्या तेव्हा कळलं. चाळीस वर्षं कापड बेततेय मी!
त्याचे एक प्रकारचे किरण दोन मिलिमीटरच्या आतच थांबतात, गाठीतच. काजाच्या टाक्याएवढे. दुसरे मात्र अंगाबाहेर पडतात. त्यांच्यामुळे यंत्राला गाठ दिसते, त्यांच्यामुळेच मी इथे.

७ मार्च
हात स्वस्थ बसेनात. पिवळ्या खणाची कुंची शिवली बाळाला. माझीच दृष्ट लागेल.

८ मार्च
सकाळी किरण आला, कुंचीची पिशवी दारातूनच दिली.
दुपारी आठवलं — दोरा! टाका संपला की दोरा दातांनी तोडते मी. कात्री समोर असली तरी. मंडी मोहल्ल्यातले आम्ही सगळे शिंपी असेच. आणि थुंकीतून, घामातून थोडं बाहेर पडतं, हे स्पंदनाने दोनदा बजावलं होतं!
लगेच फोन लावला. वहिनीने, रम्याने उचलला. म्हणाली, "परवागिल्ला अक्का, काही बिघडलं नाही, पिशवी अजून उघडली नाही." रडले. मग हसू आलं. स्पंदना म्हणते, गाठ मारून माळ्यावर टाका, दोन महिन्यांनी धुऊन घाला. तोवर नावालाच उरेल.

९ मार्च
आज रात्री निम्मं! एकटीपुरती शेवयांची खीर केली.

११ मार्च
माझ्या जागी वरलक्ष्मी बसणार, चुलत बहीण. नाव ठरवलं मी, सांगणार ती. तिला आयतंच मिळालं. जळफळाट झालाय, कशाला लपवू? मिनिटभर जाऊन कानात सांगून यावं, कुणाला काय कळणार? चप्पलही घातली. मग ती कुंची आठवली. चप्पल काढली.

१२ मार्च
फोनवर बघितलं. वरलक्ष्मी पाळण्यात वाकली, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ते धपाटे माझे होते. फोन बंद केला.

१८ मार्च
घरी आले. वरलक्ष्मीने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "अक्का, त्या दिवशी मी सुम्ने, नुसतेच ओठ हलवले. कानात काही सांगितलं नाही. तू सांग." रम्याला ठाऊक होतं. सहा दिवस पोर बिननावाची ठेवली दोघींनी!
सांगितलं. पहिला धपाटा वरलक्ष्मीनेच घातला.