पोह्यांचा ओव्हरटाइम

२६ जुलै २०२१, सोम.
आज परत उशीर. लॉकडाउन लागल्यापासून लॅबमध्ये स्वॉब संपतच नाहीत. शिफ्ट संपली, मी कोट काढला, तेवढ्यात सुनीताताईंनी डबा उघडला. "पोहे आणलेत, खाऊन घे." झालं! खाल्ल्यावर लगेच कोण निघतं? (ताई माझ्या सुपरवायझर. यापुढे नुसतं सु. ता. लिहिणार, हात भरून आलेत.) वेस्टमीडच्या लॅबमधून घरी पोचले तर इरा झोपलेली. जागी कधी पाहिली होती तिला?

२९ जुलै, गुरु.
निखिल भडकला. डायनिंग टेबलच्या एका टोकाला त्याचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला इराची पहिलीची शाळा. "इतका ओव्हरटाइम करतेस, त्याची रजा तरी माग! रूल आहे तसा."
इराला म्हटलं, मी घरी राहिले तर काय काय करू या? "यू ऑलवेज से दॅट, आई." स्क्रीनवरून मान वर नाही.
रजा मागायचीच.

२ ऑग., सोम.
नियम वाचले. एका कलमात दुसऱ्याचा हवाला, दुसऱ्यात तिसऱ्याचा. जादा तास 'वाजवी' हवेत. वाजवी कोणी ठरवायचं, ते काही नीट कळेना. एवढं मात्र कळलं की वरच्यांनी थांबायला सांगितलं असेल तरच ओव्हरटाइम. आपणहून थांबलात तर ती तुमची हौस. हौस! डोकं उठलं.

४ ऑग., बुध.
एचआरच्या ट्रेसीला फोन. "डिड शी आस्क यू टु स्टे?"
सु. ता. नी 'थांब' असं एकदाही म्हटलेलं नाही. त्या थांबतात, डबा उघडतात, मी थांबते. मोठं माणूस मान मोडून काम करतंय आणि आपण बॅग उचलून चालू पडायचं, हे मला जमतच नाही. बाकी सगळे "सी या, मेट" म्हणून वेळेवर जातात. त्यांना पोहेही कोणी देत नाही म्हणा.
शेवटी सांगितलं, "शी गेव्ह मी पोहे."
"सॉरी, शी गेव्ह यू व्हॉट?"
मला हसू आलं. फोन ठेवल्यावर रडू.

९ ऑग., सोम.
मागून कळायला नको म्हणून सु. ता. ना मीच सांगितलं.
"अगं, आधी मला बोलायचंस. आपल्यात एचआर कशाला?"
मग निघालं की वरून ओव्हरटाइमची परवानगी त्यांनी मागितलीच नव्हती. "मागितली तर म्हणतील, हिला टीम सांभाळता येत नाही." म्हणजे त्याही फुकट थांबतायत. आता राग काढायचा कोणावर? विद्यार्थी असताना माझी खोली गेली, तेव्हा याच बाईने मला घरात ठेवून घेतलं होतं. तरी राग आलाच. चांगला सणसणीत आला.

१२ ऑग., गुरु.
डबा उघडला, मला हाक नाही. वेळेवर निघाले. इराचे केस धुतले, वेण्या घातल्या. किती दिवसांनी! आणि डोक्यात मात्र लॅबच.

१५ ऑग., रवि.
उद्या सकाळी ट्रेसीकडे मीटिंग, आम्हा दोघींना बोलावलंय. दुपारी सु. ता. चा फोन. आधी कोथिंबिरीचे भाव, लशीची अपॉइंटमेंट, इकडचं तिकडचं. मग एकदम, "मानसी, मी तुला थांबवत होते का, असं तिने विचारलं तर काय सांगू?"
हो म्हणाल्या तर त्यांच्यावर शेकणार. नाही म्हणाल्या तर माझी रजा गेली, इराला काय सांगू?
म्हटलं, "ताई, मी थांबावं म्हणूनच डबा आणायचात ना?"
"एवढं कळत होतं, तर खायचीस कशाला गं?"
फोन त्यांनीच ठेवला.