आईचा पोचा

हॅमट्रॅमक, मिशिगन
१२ मार्च १९९८

ती. वांडाताईस,
टॅडचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. हेलेनाला सर्दी झालीय, तरी माझ्यावर ओरडण्यापुरता आवाज शाबूत आहे. बातमी मात्र वाईट, आधी खुर्ची ओढून बस. तुझ्या चॅलेंजर गाडीचं इंजिन गेलं. या थंडीत इंजिनाच्या ठोकळ्यालाच तडा पडला.

रडू नकोस. खरं सांगू, मी मनातल्या मनात नाचलो! ते सहा सिलिंडरचं बापुडं इंजिन त्या गाडीत कधी शोभलंच नाही. मी तेरा वर्षांचा होतो, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि नेमकं तेव्हाच बाबांना कारखान्यानं घरी बसवलं होतं. तू गाडीचं मूळचं दांडगं इंजिन विकलंस आणि भंगारातलं हे बसवून घेतलंस. मला काय सांगितलंस, तर वेगाची भीती वाटते म्हणून. तुला आणि भीती! मी मोठा होईपर्यंत ते खरं मानून चाललो, इतका मी बावळट.

आता माझी पाळी. पाचशे अश्वशक्तीचं, दोन कार्ब्युरेटरवालं इंजिन मी हेरून ठेवलंय. अडचण एकच. त्याचा रिकामा सांगाडा गाडीत ठेवून पाहिला. एअर फिल्टरवर मुलांच्या खेळातल्या मातीच्या गोळ्या लावल्या, बॉनेट हळूच मिटलं, परत उघडलं. गोळी जेवढी जाड उरते, तेवढी फट. कडेच्या गोळ्या बऱ्या होत्या, पण मधली पार चेचली. तिथे आईचा पोचा खाली उतरलाय ना!

तेव्हा बॉनेटला भोक पाडू, की पोचा ठोकून सरळ करू? एका दुपारचं काम आहे. हातोडा तीनदा हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. गाडी तुझी, तूच सांग.

लोभ आहे, त्याला गंज लागू देऊ नये.

तुझा टॅड


टूसॉन, ॲरिझोना
३० मार्च

चि. टॅड यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग तुझा राग आला. हातोडा मुळात हातात घेतलासच कसा, मेल्या? चर्चच्या मिरवणुकीत आईचे गुडघे दुखायला लागले आणि ती बटाट्याचं सारण भरलेल्या पिएरोगीची परात मांडीवर घेऊन बॉनेटवर ऐसपैस बसली, ते विसरलास? पत्रा खाली गेला तसे बाबा केवढ्यानं ओरडले! ती म्हणाली, बारा तास उभं राहून गाड्या जोडता आणि बायकोचं वजन पेलणारी एक जोडता येत नाही? सगळा रस्ता हसला. बाबा दुसऱ्या दिवशी ठोकणार होते, ते आज-उद्यावर गेलं, आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. मग कुणाची हिंमत झाली नाही. तिच्या थडग्यावरची पाटी मला परकी वाटते रे. तो पोचा मात्र तिचा आहे.

म्हणून भोक नको आणि ठोकणंही नको. मिळेल ते बुटकं इंजिन बसव, अगदी शिवणयंत्राचं बसवलंस तरी चालेल. आयुष्यभर त्याच गाड्यांच्या सीटा शिवल्या, मला मशीनची कुरकुर सवयीची आहे. पण पोच्याला हात लावलास तर ऑगस्टमध्ये मिरवणुकीला मी येणार नाही, सांगून ठेवते.

हेलेनाला आलं घालून चहा दे. लोभ आहेच, अक्कलही असू द्यावी.

तुझी वांडाताई


हॅमट्रॅमक
९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या धमकीनं दोन महिने झोप उडवली. शिवणयंत्र नाही बसवणार. तू विकलंस ते चारशेचाळीस घनइंचाचं होतं. त्याच जातीचं एक ओहायोत मिळालं. त्यावरचे दोन कार्ब्युरेटर काढून टाकले आणि बुटक्या नळीवर एकच बसवला. फिल्टरही चपटा घेतला. पन्नासेक अश्वशक्ती गेली. दुकानदार म्हणाला, एका पोच्यासाठी पन्नास घोडे सोडणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच पाहिलं. मी म्हटलं, आमची आई बसलीय तिथे, तिला उठवायचं कुणी? गड्यानं फिल्टर फुकट दिला.

काल पुन्हा मातीची गोळी लावली. पिएरोगीच्या पारीइतकी फट उरली! तेवढी पुरे. तिकीट काढ.

तुझा टॅड


टूसॉन
२२ ऑगस्ट

चि. टॅड यास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचले. कानात अजून ते इंजिन घुमतंय. वुडवर्ड रस्त्यावर पाय जरासा दाबला आणि पाठ सीटला चिकटली, तेव्हा मी किंचाळले ते भीतीनं नाही हं! चोवीस वर्षांनी माझी गाडी मला ओळखू आली. तुझे उपकार कसे फेडू ते कळत नाही, आणि फेडणारही नाही. धाकट्याचे असेच ठेवून घ्यायचे असतात.

आणि ते जुनं इंजिन. त्याचं मला एक दिवसही वाईट वाटलं नाही. पट्टी सुटल्यावर तू समोरच्या चर्चच्या घड्याळातली वेळ वाचलीस, तेव्हाच मला सगळं मिळालं होतं.

एक सांगायचं राहिलं. मिरवणुकीत तू सॉसेज आणायला गेलास तेव्हा माझे गुडघे दुखायला लागले. मी बॉनेटवर टेकले, बरोब्बर आईच्या जागी. माप अगदी तंतोतंत निघालं रे. तू आलास तेव्हा डोळ्यांत धूळ गेली म्हणाले, ते खोटं होतं.

लोभ आहे तो असाच गर्जत राहावा.

तुझी वांडाताई


हॅमट्रॅमक
२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अगं बाई, आधी नाही का सांगायचंस! मिरवणुकीहून परतल्यापासून गाडी टक टक करत होती. नव्या इंजिनातच खोट निघाली म्हणून मी हबकलो. तुला कळवायची लाज वाटत होती. आठवडाभर संध्याकाळ झाली की गाडीखाली शिरून इंजिन खालून तपासायचो, दोष काही सापडेना. हेलेना म्हणाली, गाडीला चर्चमध्ये ने.

तुझं पत्र वाचलं आणि उठून बॉनेट उघडलं. ती मातीची गोळी फिल्टरवरून काढायची राहून गेली होती. तिचा कागद झालाय, आणि फिल्टरवर पोच्याच्या मापाची, घासल्याची चकचकीत खूण उमटलीय. आईनं सोडलेली फट तू वर बसून भरून काढलीस. गाडीपाशी बसून मी एवढा हसलो, की शेवटी हेलेनानं येऊन माझे डोळे पुसले. दोन्ही डोळे, ताई. तू वाचवलेला आधी.

हातोडा शेजाऱ्याला देऊन टाकलाय. इंजिनच अर्धा इंच खाली उतरवतो. पुढच्या ऑगस्टला तिथेच येऊन बस.

लोभ वाढावा, वजन तेवढं आहे तिथेच ठेवावं.

तुझा टॅड