शिवणक्लासची थाप

बुधवार, संध्याकाळ

आज प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी विचारलं, मेलेल्यांतून उठल्यावर प्रभू येशूने शिष्यांना काय आज्ञा दिली? मीच हात वर केला. सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, बायबलात मत्तय, अध्याय अठ्ठावीस. टाळ्या पडल्या. आणि शेजारच्या कमलला वर्षभर काय सांगतेय? बुधवारी शिवणक्लासला जाते! लोक धर्मांतराचं काहीबाही बोलतील, ही भीती. शिवणक्लास म्हणे! सारी राष्ट्रं तोंडपाठ, मधली एक भिंत ओलांडवत नाही.

परतले तर कमल फाटकाशीच. "काऊन वो काकू, सालभर शिकून राह्यल्या, एक ब्लाऊज नाही शिवला? उद्या माह्यं कापड आणते, पाहू तुमचा हात!"

मी हसून मान डोलावली. मूर्ख मी! मशीनला कधी हात लावला नाही.

प्रभू, तू जा म्हणालास, मी गेले नाही. आता तीच येतेय. खरं सांगायचं बळ दे.