आधी तिथेच हरायचं

स्ट्रासबूर्ग, रविवार

आक्सिनियाताईस इलारियोनचा नमस्कार,

मी धडधाकट आहे, जेवणखाण वेळेवर. भाऊजींचा हात आता हलतो का?

पोलीस ठाण्यात भाऊजींना मारलं, त्याची तक्रार घेऊन परवा इथल्या मानवाधिकार न्यायालयात गेलो. आपल्या रीतीप्रमाणे घरची वाइनही नेली. दारावरच्या बाईंनी बाटलीकडे असं पाहिलं, जणू बॉम्बच आणलाय!

"तक्रार टपालाने पाठवा. तुमच्या देशातल्या सर्वात वरच्या कोर्टात गेला होतात?"

"तिथे कशाला, बाई? सगळे एकाच ताटात जेवतात!"

"मग इथे तक्रार दाखलच करून घेणार नाहीत. आधी तिथली सगळी दारं ठोठावा."

म्हणजे 'वर जाऊ नका, थेट स्ट्रासबूर्ग गाठा' म्हणणाऱ्या त्या गाढव वकिलाने आपल्याला बुडवलंच होतं. माझ्या नावाने त्याला हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण कागद काढून घे.

खालच्या कोर्टाच्या निकालावर अपिलाची मुदत येत्या शुक्रवारी संपते. तुमच्या फोनला पोलिसांचे कान आहेत, म्हणून हे पत्र आपल्याकडे मोल्दोव्हाला निघालेल्या व्हॅनवाल्या टिमोफेच्या हाती देतोय. दुसरा वकील गाठ आणि मुदतीत अपील टाक.

तिथे हरणारच आहोत, ताई. पण सर्वात वरच्या कोर्टात, शिक्क्यानिशी हरू. तो हरल्याचा कागद जपून पाठव. त्याच्याशिवाय मला इथे कुणी उभं करत नाही.

तुझाच,
इलारियोन