ड्रायव्हरकडचं दार

शहापूर,
१० जानेवारी १९८२

प्रिय बाबा,

हे पत्र मंगलाआत्याच्या पत्त्यावर पाठवते आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका, चष्मा लावून स्वतः वाचा. तुम्ही सानगडीला जाऊन अडीच वर्षं झाली. आईला महिन्याला एक कार्ड येतं. त्यात आत्याच्या धानाची, तिच्या गुडघ्यांची आणि तलावातल्या पाण्याची बातमी असते. शेवटी माझ्यासाठी एक ओळ, निर्मलाने तब्येतीस जपावे. मी जपते आहे. आज मी तुम्हाला एका ट्रकच्या रंगाबद्दल लिहिणार आहे.

भैयाजींच्या राइस मिलमागे चिंचेखाली जो मिलिटरीचा जुना ट्रक पडून होता, तो तुम्हाला आठवत असेल. त्यांनी तो लिलावात घेतला, चार हंगाम धान वाहिलं आणि इंजिन बसल्यावर तिथेच सोडून दिला. आता माजी सैनिकांच्या समितीला तो हायवेच्या फाट्यावर चौथऱ्यावर उभा करायचा आहे, युद्धाला दहा वर्षं झाली म्हणून. कार्यक्रम २६ जानेवारीचा. अध्यक्ष सुभेदार वासुदेवराव. रंगाचं काम माझ्याकडे आलं, कारण मी नागपूरला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत आहे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येते. त्यांनी हिरव्या ऑइल पेंटचे डबे आधीच आणून ठेवले होते. मला फक्त हात चालवायचा होता.

पहिल्या रविवारी मी बॉनेटवर त्या हिरव्याचा एक पट्टा ओढला. वाळल्यावर तो एसटीसारखा चमकायला लागला. लढाईतल्या गाडीला चमक नको असते, लांबून उन्हात दिसते. चमक मारण्यासाठी मी त्यात खडूची भुकटी घातली, तर आठवड्याने हात लावताच रंग बोटाला येऊ लागला. टर्पेंटाइन वाढवून पाहिलं. रंग पातळ झाला आणि उभ्या पत्र्यावरून ओघळला. तीन रविवार असे गेले. वासुदेवराव येऊन म्हणाले, "पोरी, पाहणाऱ्याले काय समजते? हिरवी दिसली का झालं." मला समजतं, असं मी सांगितलं. ते हसले.

मग मी ठरवलं, अंदाज पुरे, ट्रकलाच विचारायचं. बॉनेटच्या दुसऱ्या कोपऱ्यावर पाणी लावून पॉलिश पेपरने एक रुपयाएवढी जागा गोल घासत नेली. असं केलं की थर एकाखाली एक कड्यांसारखे उघडतात. वर भैयाजींचा लाल. त्याखाली निळसर राखाडी, तो कुणाचा ते कळलं नाही. त्याखाली सैन्याचा हिरवा, आणि तोही मंद, चमक नसलेला. मला वाटलं, संपलं. पण हिरव्याखाली पेपर करकरायला लागला. तिथे मळकट पिवळा थर होता आणि त्यात वाळू होती. त्याच्याखाली पुन्हा हिरवा, मग प्रायमर, मग पत्रा.

मी खपली काढून नागपूरला नेली आणि भिंगाखाली धरली. कण बारीक, जवळजवळ एकाच मापाचे, कडा झिजून गोल झालेले, रंग तांबूस. शेजारी आपल्या वैनगंगेची वाळू ठेवली. ती जाड, पांढरी, टोकदार. ट्रकवरची वाळू आपल्या बाजूची नाही. इतकंच मी खात्रीने सांगू शकते. हाच तुम्ही लढाईत चालवलेला ट्रक होता असं मी म्हणत नाही, त्याला पुरावा नाही.

आता त्या दुपारबद्दल. मे महिना, मला पाहायला पाहुणे आलेले, वासुदेवराव मध्यस्थ म्हणून खुर्चीवर. मुलाच्या काकांनी तुम्हाला फौजेचं विचारलं आणि तुम्ही सांगायला लागलात, की राजस्थानात रंग पुरेसा आला नव्हता, म्हणून तुम्ही गाड्यांना वाळूचाच रंग दिला. वासुदेवराव म्हणाले, "डोमा, मिलिटरीची गाडी हिरवी असते. तू लंगरात रोट्या भाजत होतास का मोटारीवर होतास?" सगळे हसले. ते सगळी लढाई पूर्वेकडे होते, तिकडे झाडंच झाडं. वाळवंट त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण ते सुभेदार होते आणि तुम्ही ड्रायव्हर. आपल्या वस्तीतल्या माणसाचा शब्द खरा ठरायला कागद लागतो, त्यांचा नुसत्या आवाजावर चालतो. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, डिप्लोमावाली मुलगी काही बोलेल म्हणून, आणि मी बोलले. म्हणाले, "बाबा, रंगात वाळू टिकत नाही. तळाशी बसते. राहू द्या." तुमचा उजवा हात तेव्हा वर होता. तो तुम्ही खाली घेतला आणि चहा संपवला. धानाच्या रोवण्याआधी सानगडीला निघून गेलात. आत्याला माणूस हवा होता, असं आई सगळ्यांना सांगते.

गेल्या महिन्यात मी रंगात वाळू मिसळून पाहिली. ती तळाशी बसली. मी बरोबर होते, असं मला वाटलं, आणि ते समाधान अर्धा तास टिकलं. कारण खपलीची कड पुन्हा भिंगाखाली धरली तेव्हा दिसलं, की वाळू रंगात नव्हतीच. खाली रंगाचा एक पापुद्रा, वर दुसरा, आणि वाळू त्या दोघांच्या मध्ये. म्हणजे रंग ओला असताना वरून टाकलेली. तेव्हा मला तुमचा तो वर गेलेला हात आठवला. बोटं एकत्र होती आणि हलत होती, आई भाजीत मीठ टाकते तशी. तुम्ही पद्धतच दाखवत होतात. मी ती अर्ध्यावर थांबवली. प्रयोग पूर्ण पाहण्याआधी निष्कर्ष सांगायचा नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

त्यानंतर काम सरळ झालं. कारखान्यातून मातकट पिवळा मंद रंग जुळवून आणला, खपलीशी ताडून, सातव्या खेपेला जमला. नदीची वाळू वाळवून पातळ लुगड्यातून गाळली. पहिला हात द्यायचा, बोटाला चिकटेल इतपत सुकू द्यायचा, पोटलीतून वाळू भुरभुरायची, दुसऱ्या दिवशी सुटी वाळू झटकून वरून पातळ हात. वर पाणी ओतलं, गोणपाटाने घासलं. निघत नाही. चमकत नाही. बाबा, टिकते.

आज सकाळी समिती पाहायला आली. वासुदेवरावांनी बॉनेटवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "हे काय करून राहिली तू? गाडी चिखलातून काढली म्हणतील लोकं." मी त्यांच्या हातात भिंग आणि खपली दिली. त्यांनी उन्हात धरून नीट पाहिलं, दोनदा पाहिलं. "आमच्याकडे असं नव्हतं," ते म्हणाले. मी म्हटलं, तुमच्याकडे नव्हतं, बाबांकडे होतं. त्यावर भैयाजी तापले. "म्हणजे तुह्या बापासाठी गाडी पिवळी करायची काय आम्ही?"

"हो," मी म्हणाले.

मग मी सगळ्यांसमोर सांगितलं, की अडीच वर्षांपूर्वी याच गावात माझे वडील खरं बोलत होते आणि मी चुकीची होते. वासुदेवरावांनी हिरवे डबे उचलून न्यायला सांगितले की ठेवायला, ते मी ऐकलं नाही. ट्रक आता ज्या शेडमध्ये ठेवला आहे, त्याची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. कारखान्यात पंधरा दिवसांची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं, मी लिहिलं, घरचं काम.

पत्र लिहिण्याचं कारण असं. बॉनेट, मागची फळी, चाकांवरचे पत्रे, क्लीनरकडचं दार, सगळं पूर्ण झालं आहे. ड्रायव्हरकडचं दार मी मुद्दाम सोडलं आहे. त्यावर लाल, राखाडी, हिरवा, सगळे थर घासून उघडे ठेवलेत, पिवळ्यापर्यंत. वाळू गाळून पोटली बांधून ठेवली आहे. किती उंचीवरून टाकायची आणि मनगट कसं फिरवायचं, ते माझं अजून अंदाजाने चाललं आहे. तुम्ही दाखवलं नाहीत तर मला ते कधीच नक्की कळणार नाही. सानगडीहून साकोलीला आलात की तिथली सकाळची बस आपल्या फाट्यावर थांबते, मी रोज तिथे असेन. तुम्ही आला नाहीत तरी मी समजून घेईन, तसा तुम्हाला हक्क आहे. पण मग ते दार तसंच उघडं राहील. २६ तारखेला समितीने माळ घातली तरी, आणि त्यानंतरही. हे मी त्यांनाही सांगितलं आहे.

तुमचीच, चूक मोजून मान्य केलेली,
निर्मला