मालिनीचे उत्तर

४ फेब्रुवारी १९५८, वर्धा

सिलोनच्या मालिनीची शिल्पकलेच्या पदव्युत्तर वर्गासाठी बडोद्याला मुलाखत आहे. आज सराव घेतला. "माती का निवडलीस?" असे विचारले आणि उत्तरही मीच देऊन टाकले. रोज हेच करतो का मी?

भट्टी लावणारे गणपतराव हसले. "गुर्जी, पोरीले बोलू द्या ना! तुमीच काऊन बोलून राह्यले?"

राग आला. पण खरेच होते. तोच प्रश्न पुन्हा विचारला, एवढेच.

मालिनी तिच्या हिंदीत म्हणाली, "घर में पत्थर का काम सिर्फ मर्द करते हैं. मिट्टी के लिए किसी ने मना नहीं किया."

दोन वर्षे तिला शिकवतोय, पण हे तिच्या तोंडून कधी ऐकलेच नव्हते! मुलाखतीसाठी मीच तिला लिहून दिलेली उत्तरे फाडून टाकली. नऊ दिवस उरलेत. आता रोज फक्त प्रश्न विचारायचे. परीक्षकांपुढे अडखळली तरी चालेल, बोलेल ती स्वतःचेच.