उचलायला हलके

३ फेब्रुवारी २००२
ह्यांना खुर्चीसकट गिरणीच्या काट्यावर ठेवलं. खुर्ची वजा जाता अठ्ठावन्न किलो. दिवाळीत चौसष्ट होते. गिरणीवाला म्हणतो, "बाई, साहेबांना जेवायला घालता ना?" आगाऊ मेला.
दोन पोळ्या, वरण, भाजी. हातपाय लुळे पडून बसून असलेल्या माणसाला एवढं पुष्कळ. सातवीच्या मुलांना हेच शिकवते मी, जेवढं काम तेवढा आहार. शिवाय उचलते मी एकटी. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून मोरीत. हलके असलेले बरे.

९ फेब्रु.
ह्यांची थोरली बहीण, आक्का, मालेगावहून आली. महिनाभर राहणार म्हणे. सोबत तुपाचा डबा. दारातच सुरू, "काय दशा केली गं माझ्या भावाची." चहा दिला. पथ्य समजावून सांगितलं. ऐकल्यासारखं केलं.

१ मार्च
काटा: अठ्ठावन्नच. घट थांबली. माझ्या पथ्याला यश.

२ मार्च
शाळा लवकर सुटली. घरी येते तर आक्का ह्यांना शिरा भरवतेय, तूप हनुवटीवरून ओघळतंय. ओट्यावर मटणाच्या रश्श्याचं पातेलं. म्हणजे मी शाळेत गेले की रोज हेच चालत होतं.
म्हटलं, शरीर हलत नाही, हे सगळं जाणार कुठे? उद्या चरबी वाढली तर उचलणार कोण?
"त्याला भूक लागती. दिसत नाय का तुला?"
मग मी म्हणाले, तुम्ही शिकलेल्या नाहीत, मध्ये पडू नका, असं काहीसं. असं काहीसं कशाला, हेच म्हणाले.

३ मार्च
आक्का सकाळच्या एसटीने गेली. डबा ठेवून. हे दिवसभर भिंतीकडे बघत.

२१ एप्रिल
त्रेपन्न. उचलणं सोपं झालंय.

१० मे
ह्यांना मुंबईला मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी वजन विचारलं. मी ऐटीत रोजनिशीतले आकडे वाचून दाखवले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "स्नायू झिजण्याच्या ह्या आजारात काहींचं शरीर नुसतं पडून असतानाही जास्त जाळतं. गाडी उभी, पण इंजिन जोरात. वजन भराभर उतरलं की पुढचे दिवसही कमी होतात."
हे ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते. इंजिनाचं लगेच कळलं. माझ्याकडे बघितलं नाही.
तूप, अंडी, मटण, गिळता येईल ते द्या म्हणाल्या. गिळणं बंद पडायच्या आत जेवणासाठी पोटात नळी बसवायचंही ठरवा. विचारलं, आधीपासून घातलं असतं तर? "तसं नेमकं सांगता येत नाही." बाई दयाळू. मला दया नको होती.
परतताना नाशिक रोड स्टेशनवर रिक्षावाल्याने ह्यांना एकट्यानेच उचललं. "काहीच वजन नाही की हो यांना." आज सगळ्यांना मलाच ऐकवायचं होतं.

१२ मे
मागची पानं चाळली. आक्का होती तेव्हाच काय तो काटा थांबला. "माझ्या पथ्याला यश." पान फाडणार होते. राहू दे.
दुकानातून मालेगावला फोन. चुकलं माझं, म्हटलं.  आक्काने एवढंच विचारलं, "गिळतो का अजून?"

२ जून
आक्का आली. शिरा दुधात पातळ करून चमचा चमचा. एका वाटीला पाऊण तास, मधे ठसका. मोरीत जाऊन रडले.
नळीचं विचारलं. ह्यांनी मान हलवली. नको. मी आक्काकडे बघितलं, ती तरी सांगेल म्हणून. "त्याचं त्याला ठरवू दे," म्हणाली. मला आता भांडायला तोंड नाही.

१५ जून
सकाळी खाटेवरून उचलताना कमरेत कळ आली. जड लागले. तशीच ह्यांना धरून उभी राहिले. "का-य झा-लं?" काही नाही म्हटलं.
खरंच जड होते की माझीच कंबर गेलीय? आक्का म्हणते, काट्यावर ने आणि बघ.
सोमवारी नेईन. आज नको.